मशीन नीट चालेपर्यंत

४ तारीख, मंगळवार

भांडी धुण्याचं मशीन आलं एकदाचं. दोन माणसं जिन्यावरून धापा टाकत घेऊन आली आणि ओट्याखाली बसवून गेली. दादाने पाठवलंय. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. राहतो लांब, आणि काळजी वाटली की वस्तू पाठवतो. मागे मालिश करणारी खुर्ची पाठवली होती. तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

मी इथे आलो तो चार दिवसांसाठी. हिवाळ्यात आत्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं नाही गेलं. डॉक्टर म्हणतात शब्द आत आहेत, तिला सापडत नाहीत. एरवी आत्याच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. माझ्या पायाला भिंगरी म्हणून तिनेच मला ‘भोवऱ्या’ नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की शाळेचे मास्तरसुद्धा त्याच नावाने छडी मारायचे. (शाळा दहावीनंतर सुटली. की मी तिला सोडलं, ते अजून ठरलेलं नाही.) तर घरात भांडी घासायला कोणी नव्हतं आणि मी नेमका रिकामा होतो. चार दिवसांचे किती झाले ते मोजत नाही. मोजलं की दमायला होतं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जन्मभर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायच्या-बंद करायच्या कामावर होते. माणूसही तसाच. बंद म्हणजे बंद. मला ‘पाहुणे’ म्हणतात आणि रोज चहा पिताना विचारतात, “काय पाहुणे, तिकीट काढलं का?”

आज मशीनकडे बघून म्हणाले, “हे नीट चालेपर्यंत थांब. मग जा कुठे जायचं तिकडे.”

जायचं आहेच. माझा दोस्त लंबू मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर लादून फुलांच्या मागे फिरतो. एका गावची फुलं संपली की पुढचं गाव. मला ट्रकवर जागा ठेवलीय म्हणाला. पण बहर आला की तो थांबणार नाही. माश्या थांबत नाहीत.

६ तारीख, गुरुवार

मशीनचं माहितीपुस्तक सात-आठ भाषांत आहे, त्यातली एकही मला धड येत नाही. चित्रं बघून काम चालवलं. चित्रातली बाई ताटली ठेवताना इतकी हसते की तिला काय झालंय अशी शंका यावी.

पहिला निकाल: पेले धुरकट, जणू कोणी आत श्वास सोडून ठेवलाय. ताटल्यांना हात लावला तर तेलकट. आणि हे सगळं आधी घासून ठेवलेलं! आत्याचा हुकूम आहे तसा. मी ताटल्या तशाच आत ठेवायला लागलो तर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

“खरकटं... नाही. आधी... घास.”

म्हणून रोजच्यासारखंच चाललंय. मी सिंकपाशी, आत्या शेजारी स्टुलावर, आणि घासून झालं की तीच भांडी मशीनमध्ये. एकाच कामाचे दोनदा हाल.

स्टुलावर बसली की तिला शब्द सुचतात. “बूड. बूड घास.” “पाणी केवढं... धो धो.” आज तर गोष्टच काढली. तिच्या लग्नाच्या दिवशी आतोबांच्या कामावरच्या जोडीदाराने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. गल्लीत पाणी शिरलं आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या सगळ्यांच्या चपला तरंगत निघाल्या. हे मला असं सरळ नाही कळलं. ‘लग्न’, ‘पाणी’, ‘चपला’, मग बराच वेळ काही नाही, मग हाताने होडी. पातेल्याचं बूड घासेपर्यंत एवढंच झालं.

“आणि आतोबांचे बूट?” मी विचारलं.

ती खुदकन हसली. शब्द शोधला, नाही सापडला. चमच्याने टेबल वाजवलं. आतोबांना बोलवायचं असलं की ती चमचा वाजवते. ‘भोवऱ्या’ आलंय परत, ‘घास’ आलंय, ‘अहो’ काही आलं नाही.

आतोबा दारात आले. तिला जे सांगायचं होतं ते तोवर निघून गेलं होतं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि पेपर घेऊन परत गेले.

९ तारीख, रविवार

दादाचा फोन. “काय म्हणतंय मशीन?”

“धुरकट म्हणतंय.”

“आई बोलते का?”

फोन आत्याच्या कानाला लावला. तिने “हं” म्हटलं. परत “हं”. दादा तिकडून सगळं छान छान म्हणत राहिला. फोनवर तिला एक शब्द येत नाही. मग मला म्हणाला, “मेकॅनिकला बोलाव, मी बघतो बाकीचं. तुला तरी किती दिवस अडकवून ठेवायचं?”

चांगला माणूस आहे. पण मला अडकवून ठेवायचं म्हणाला तेव्हा मला एकदम थकल्यासारखं का झालं कळलं नाही. मी इथे कंटाळलोय. लंबूचा विचार केला की तिथल्याही कंटाळ्याचा वास येतो. मध काढताना हात चिकट होतात, ते धुवायला पाणी नसतं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. बरोबर म्हणायची.

खिडकीच्या गजावर एक माशी बसली होती. मधमाशी नव्हे. साधी. ती बघण्यात दूध उतू गेलं.

११ तारीख, मंगळवार

मेकॅनिक आला. दातकोरणं तोंडात, गप्पांना उधाण. मशीन उघडून वास घेतला, वैद्यासारखा.

“भांडी आधी धुऊन घालता?”

“आत्या म्हणते तसं.”

“मावशी, मग मशीन घेतलं कशाला?” आत्याला म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दातकोरणं खिशात ठेवलं. मग मला सांगायला लागला. “हे मशीन पाणी बघून ठरवतं. पाणी गढूळ झालं की समजतं, आज काम आहे. तुम्ही घासून देता, त्याला वाटतं आज सुट्टी. लवकर उरकतं. आणि या वडीतल्या साबणाला काहीतरी खायला लागतं. खरकटं नसलं तर बिचारा काचेला चावतो.”

“म्हणजे खरकटं तसंच टाकायचं?”

“हाडं, साली, मोठे तुकडे केराच्या डब्यात. बाकी तसंच. आधी सिंकचा नळ सोडायचा, गरम पाणी आलं की मशीन लावायचं, म्हणजे पहिलाच घोट त्याला गरम मिळतो. आणि हे काय? चमचे एकमेकांना मिठी मारून झोपलेत. मधे पाणी जाणार कुठून? उलटसुलट ठेवा.”

धुरकटपणाचं कारण निघालं मीठ. पाणी जड आहे इथलं, खालच्या टाकीत मशीनचं जाडं मीठ भरावं लागतं, ते कोणी भरलंच नव्हतं. त्याने एका पेल्याला व्हिनेगर चोळलं, धुकं निघून गेलं. “निघालं म्हणजे क्षार. निघालं नसतं तर काच खाल्ली गेली म्हणायचं, मग देवसुद्धा काही करू शकत नाही.” खालची जाळी फिरवून काढून दाखवली. आत एक लिंबाचं बी आणि अंड्याचं कवच. मला उगाच शरम वाटली.

नवल म्हणजे आतोबा पूर्ण वेळ उभे होते. एरवी तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस, त्याने दोन प्रश्न विचारले.

“हा पंखा फिरला नाही तर?” पाणी उडवणारा फिरता पंखा असतो आत, एक खाली, एक वर.

“फिरला नाही तर भांडी जशीच्या तशी, काका. लांब झारा-बिरा अडकला की झालं. म्हणून आधी हाताने फिरवून बघायचा.”

“आणि पाणी कमी आलं तर?”

“तर काय, तुम्हाला मी सांगायचं का? तुम्ही पाण्यातले.”

“हं,” म्हणाले.

१२ तारीख, बुधवार

जमलं! अंड्याचा पिवळा बलक चिकटलेल्या ताटल्या, टोमॅटोचं पातेलं, चहाचे कप, सगळं तसंच घातलं. निघालं तेव्हा मी पेला उजेडात धरला तर बोटांचे ठसे माझेच, आत्ताचे. खालचा कप्पा आधी रिकामा करायचा, नाहीतर वरच्या कपांच्या बुडातलं पाणी खालच्या कोरड्या ताटल्यांवर सांडतं. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मीच शोधलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेली असं वाटलं.

जेवण झाल्यावर आत्या सवयीने स्टूल ओढून सिंकपाशी बसली. मी म्हटलं, “आत्या, आता काही नाही. बटण दाबलं की झालं.” ती मशीनकडे बघत बसली. ते गुरगुरत होतं. मग उठून खिडकीशी गेली.

लंबूला कळवलं, मी मोकळा झालो.

आतोबा म्हणाले, “काढलं का तिकीट?”

“ट्रकला तिकीट नसतं, आतोबा.”

“मग कधी?”

“त्याचा फोन आला की.”

त्यांनी स्टूल उचललं आणि भिंतीशी लावून ठेवलं.

१४ तारीख, शुक्रवार

आत्याला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. तिथे एक काचेची मत्स्यपेटी आहे. त्यातला एक मासा पूर्ण चक्कर मारून दरवेळी एकाच खड्यापाशी थांबतो आणि काहीतरी विसरल्यासारखं करतो. मला तो इतका ओळखीचा वाटला की बाई आतोबांशी काय बोलल्या ते मी ऐकलंच नाही.

परत येताना आत्या माझ्या दंडाला धरून हळूहळू चालत होती. आतोबा आपणहून बोलले, हे लिहून ठेवायला हवं.

“बाई म्हणाल्या, शब्द कमी झालेत या खेपेला. विचारत होत्या, घरात काही बदललं का.”

“काय बदलणार? मशीन आलं तेवढंच.”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. “समोर बसवून विचारलं की शब्द पळतात म्हणे. आपलं काम चालू असावं, ती सोबत असावी, मग आपोआप येतात.”

मी म्हटलं, “असेल.” तेवढ्यात एक कुत्रं तोंडात बूट घेऊन रस्ता ओलांडत होतं, आणि मला लग्नातल्या चपलांची गोष्ट आठवली. तिचा शेवट राहिलाय. आत्याला विचारलं, “आतोबांच्या बुटाचं काय झालं गं?” तिने मान हलवली. नाही आलं. बाईंचं म्हणणं खरं दिसतंय, समोरून विचारायचं नाही.

घरी येईपर्यंत आतोबा परत बंद.

१५ तारीख, शनिवार

येरे माझ्या मागल्या. सकाळी मशीन उघडलं तर वरचे पेले कोरडे ठणठणीत, कपांच्या बुडाशी कालचा चहा. बघतो तर लांब झारा उभा खोचलेला, पंख्याच्या वाटेत. माझाच हलगर्जीपणा. तसा मला झारा घातल्याचं आठवत नाही, पण मला काय आठवतं?

परत मशीन लावायला वेळ नव्हता, सगळ्यांना चहा हवा होता. हातानेच घासायला घेतलं. स्टूल सिंकपाशीच होतं. आत्या येऊन बसली.

“सोडा... घाल,” म्हणाली. “कपाला. डाग... जुना.”

सोडा! हा शब्द नवीन आहे. मग झाऱ्याकडे बघून म्हणाली, “हा... सासूबाईंचा.” आणि मग सासूबाईंवर जी गाडी घसरली, अर्ध्या शब्दांत, अर्ध्या खाणाखुणांत! मी हसता हसता एक बशी फोडली.

आतोबा दारात पेपर घेऊन उभे. म्हटलं, “आतोबा, झारा कोणी घातला?”

“मला काय विचारतोस? मी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकतो?”

खरंच आहे. चाळीस वर्षं झाली असतील त्यांना चहाचा कपही विसळायची वेळ आली नाही.

१७ तारीख, सोमवार

आज भांड्यांना साबणच लागला नाही. वडी तिच्या खणात आख्खीच्या आख्खी, फुगून बसलेली. खणाचं झाकण उघडायच्या वाटेत पातेल्यावर झाकायची ताटली उभी होती, म्हणून ते उघडलंच नाही. मी रात्री ती ताटली मागे ठेवली होती. ठेवली होती का? मला वाटतं ठेवली होती.

परत हाताने. आत्या परत स्टुलावर. माझं डोकं दुखत होतं, तिचं तोंड चालू होतं. जेवणाचे डबे निथळत ठेवताना ती गोष्ट थोडी पुढे सरकली. चपला गटाराच्या जाळीपाशी गोळा झाल्या. सगळ्यांच्या सापडल्या, आतोबांचा एक बूट सोडून. मग ते लग्नात काय घालून उभे राहिले? “एक... एकच!” आत्याने एक बोट वर केलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लुळ्या हाताची बोटंसुद्धा हलत होती.

पलीकडच्या खोलीत आतोबा खोकले. तो खोकला मला हसण्यासारखा वाटला. पण ते कुठले हसतात.

१९ तारीख, बुधवार

आता मात्र मी हात टेकले. पंखा फिरवून बघितला, झाकण मोकळं, मीठ आहे, जाळी साफ, चमचे एकमेकांपासून फटकून. तरी भांडी घाण. मशीन नुसतं आचके देतंय. शेवटी सिंकखाली शिरलो. पाइपांच्या मागे मशीनच्या पाण्याची तोटी आहे, ती अर्धी बंद!

मी ती पूर्ण उघडली होती. मेकॅनिकसमोर उघडली होती.

“तोट्या आपोआप फिरतात का हो?” मी आतोबांना विचारलं. “तुम्ही त्यातले जाणकार.”

“जुन्या तोट्यांचं काही सांगता येत नाही. दाबाने फिरतात.”

“ही तर नवी आहे.”

“नव्यांचं तर मुळीच सांगता येत नाही.”

तिथे पाइपांच्या मागे आतोबांचा चष्माही सापडला. तो कालपासून शोधत होते. बिचारे! वाकायला गुडघे साथ देत नाहीत म्हणतात आणि चष्मा मात्र कुठे कुठे विसरतात. चष्म्याला पाय फुटले असतील. मी आणून दिला तेव्हा इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं. म्हातारपण वाईट.

आत्या हे सगळं बघत होती. तिने आतोबांकडे बघितलं, मग तोटीकडे, आणि म्हणाली, “भांडी... राहिली.”

घासली.

२० तारीख, गुरुवार

काही नाही. दमलोय. मशीन बरं चाललं, का ते माहीत नाही.

संध्याकाळी आत्या खिडकीशी. गप्प.

२२ तारीख, शनिवार

लंबूचा फोन. मंगळवारी निघतोय. “पेट्या लादून झाल्या. तू नाक्यावर ये, मी थांबेन, पण इंजिन बंद करणार नाही.” हे त्याचं नेहमीचं वाक्य आहे.

जायचं की नाही? इथे खरं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मला जायचं आहे, आणि जायच्या विचाराने माझा जीव शिणतो. इथे कोणीतरी रोज संध्याकाळी मला “घास” म्हणतं. ट्रकवर कोणी काही म्हणणार नाही. पण मी राहिलो तर कशासाठी? मशीन एकदा सुरळीत झालं की या घरात माझं काम काय? खुर्चीवर इस्त्रीचे कपडे, तसा मी.

आज परत पंख्यात काहीतरी. लाकडी उलथनं. लाकूड मशीनमध्ये घालायचंच नसतं, तडकतं. मी जेवताना चिडून म्हणालो, “या घरात भूत आहे. आणि त्या भुताला मशीन आवडत नाही.”

आत्या हसायला लागली. थांबेचना. आतोबांकडे बोट दाखवून हसत होती. आतोबा पेपरमध्ये तोंड घालून बसलेले, पेपर उलटा. ताकास तूर लागू देत नव्हते. मी म्हटलं, “आतोबांना भुतांची भीती वाटते वाटतं.” त्यावर ती आणखीच हसली. मी इतका विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं.

मग मी सांगितलं, मंगळवारी जातोय. हसू थांबलं.

आतोबा म्हणाले, “मशीन?”

“तुम्हाला शिकवून जातो. शब्द दिलाय, नीट चालेपर्यंत.”

२४ तारीख, सोमवार

दिवसभर आतोबांची शिकवणी. मला वाटलं होतं, डोकं फोडावं लागेल. पण यांना सगळं पाठ! ताटल्यांची तोंडं मधल्या पाण्याकडे, वाट्या तिरक्या, पेले खुंट्यांच्या मधे, खुंट्यांवर नाही. झारे आडवे, वरच्या कप्प्यात. पंखा बोटाने फिरवून बघायचा. संपलं की दार जरा उघडं ठेवायचं, वाफ जायला. सगळं घडाघडा म्हणाले. मी थक्क.

“हे कधी शिकलात?”

“बघून.”

संध्याकाळी त्यांनी एकट्याने मशीन लावलं. निघालेली भांडी बघून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. एक डाग नाही. माझं काम संपलं.

मग त्यांनी विचित्रच प्रश्न विचारला. “हाताने घासताना तू आधी काय घेतोस?”

“हाताने? आता कशाला?”

“असंच विचारतोय.”

“आधी पेले. तेलकट शेवटी. आत्याच सांगते सगळं, मला कुठे काय येतं.”

“ती सांगते,” ते म्हणाले. “मग ठीक आहे.”

आणि सिंकजवळ जाऊन त्यांनी घासणी उचलून बघितली, उलटीसुलटी केली, जागेवर ठेवली. वाटलं, त्यांच्याही डोक्यावर परिणाम होतोय का? दादाला फोन करून सांगायला हवं. विसरलो.

२५ तारीख, मंगळवार

ट्रकवर बसून लिहितोय, अक्षर बघून वाटेल भूकंपात लिहिलंय.

सकाळी निघालो. मशीन रात्रीच लावलं होतं. पेले आतच, लखलखीत, फक्त काढून फळीवर ठेवायचे बाकी होते. आतोबांना म्हटलं, तेवढं करा. आत्याच्या पाया पडलो. तिने माझं डोकं डाव्या हाताने हलवलं, जोरात, झाडावरून फळ पाडतात तसं. “भोवऱ्या,” म्हणाली. “फिर.” मग शोध शोध शोधून, “ये.”

आतोबा म्हणाले, “तिकीट नाहीच काढलंस शेवटपर्यंत.”

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि खिशात हात घातला तर घराची किल्ली. माझं हे असंच. परत वर गेलो. बेल वाजवून परत निरोपसमारंभ नको, म्हणून हळूच कुलूप उघडलं, किल्ली खिळ्याला अडकवून पळायचं ठरवलं.

स्वयंपाकघरात नळ चालू होता.

दारातून दिसलं. आतोबा सिंकपाशी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायाखाली पाण्याचं तळं. आत्या स्टुलावर. मशीनचं दार सताड उघडं, वरचा कप्पा रिकामा. त्यातलेच पेले काढून ते घासत होते. एकेक. धुऊन निघालेले, कोरडे, लखलखीत पेले.

“आतून,” आत्या म्हणाली. “आतून घासा... अहो.”

त्यांचा हात थांबला. नळ तसाच चालू. ते वळले नाहीत.

“इथे,” ती म्हणाली. “अहो, इथे राहिलंय.”

“कुठे?”

“तिथे.” मग जरा वेळाने, “तुमचा बूट... तो. अजून नाही सापडला.”

“सापडला होता,” आतोबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी. गटारापलीकडे.”

“मग... का नाही... सांगितलं?”

त्यांनी पेला उजेडात धरला, बघितला आणि परत फेसात बुडवला.

“तू हसत होतीस,” ते म्हणाले.

मी हाक मारणार होतो. सांगणार होतो, आतोबा, ते पेले धुतलेले आहेत, मशीन नीट चाललंय, उगाच कशाला दमताय. तोंड उघडलंही होतं. पण आत्या परत काहीतरी बोलायला लागली, मोठं वाक्य होतं, अडखळत चाललं होतं, आणि मधे बोलावंसं वाटेना. किल्ली खिळ्याला अडकवली आणि दार ओढून घेतलं.

लंबूने इंजिन बंद केलं नव्हतं. मागे माश्यांचा आवाज येतोय, मशीनसारखा. पुढच्या मुक्कामी पोचल्यावर फोन करून सांगायला हवं त्यांना.